डाव्या हाताचा रकाना

पाच मिनिटं हा काही मोठा वेळ नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्यासमोरच्या खाटेवर येऊन आडवं व्हावं. मी तुमच्या कोपराखाली पट्टा बांधणार, त्यात हवा भरून तो इतका आवळणार की पंजाकडे जाणारं रक्त थांबेल, आणि मग म्हणणार, "आता पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही." दुसऱ्या मिनिटाला मुंग्या येतात. तिसऱ्याला बोटं पांढरी पडतात. चौथ्याला पुरुष मनातल्या मनात मला शिव्या घालतात आणि बायका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतात. अशी पाच-पाच मिनिटं मी उभ्या नोकरीत मोजली आणि त्याचा पगार घेतला.

मी डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. खाण्यातल्या तेला-तुपाचा रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो आणि माणसाच्या जिभेला ते तेल कितपत कळतं, यावर आमच्या मॅडम संशोधन करत. त्या पणजीला बसत. मी आठवड्यातले तीन दिवस पेडण्याला बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत आणि उरलेले दिवस डिचोलीला. पट्टा सोडला की अडलेलं रक्त धावत सुटतं, आणि चांगली धमनी त्याला वाट द्यायला थोडी रुंद होते. थोडी म्हणजे केसाएवढी. कोपराच्या वर सोनोग्राफीचा दांडा धरून मी ते केसाएवढं रुंद होणं मोजायची. जिची लवचीकता गेलेली असते ती धमनी ढिम्म हलत नाही. हे एकदा उपाशीपोटी, आणि मग तेल घुसळलेलं दूध पाजून चार तासांनी पुन्हा.

दुसरं काम कपांचं. तीन कप दूध, त्यातल्या एकातच तेल मिसळलेलं. चव घ्यायची, थुंकायचं आणि तेलाचा कप ओळखायचा. एक फेरी नाकाला चिमटा लावून, एक नाक उघडं ठेवून. खोलीत तांबडा दिवा, म्हणजे दुधाचा रंग आणि दाटपणा डोळ्यांना कळू नये. सगळ्यात कडक नियम माझ्यासाठी होता. माणसाचं उत्तर बरोबर की चूक, हे त्याला सांगायचं नाही. तोंडाने नाही, भुवईने नाही, हूं म्हणूनसुद्धा नाही. घरी आल्यावर नवरा म्हणायचा, अगं, आमटीला तरी चांगली की वाईट म्हण.

लोकही एकेक नग असत. केरीची एक सून उपाशी म्हणून आली आणि रक्तात साखर वर. खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाहेर पडताना सासूने तळहातावर दही-साखर ठेवली होती. सून 'टेस्ट'ला जाते म्हणजे परीक्षेला जाते, तिला कोरड्या तोंडाने कशी पाठवायची? हरमलचा एक गृहस्थ आम्ही स्वयंपाकाला दिलेलं तेल सहा आठवडे गुडघ्यांना चोळत होता. फरक पडला म्हणाला. हे सगळं मी हसत हसत सांगते, पण एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना मला हसू येत नाही.

सगुणमामा डिचोलीच्या केंद्रावर आले ते वैशाखात. मूळचे दोडामार्गकडचे. खाणीवर ट्रक चालवायला म्हणून डिचोलीत आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्यावर त्यांनी वडिलांची विद्या बाहेर काढली, आचाऱ्याची. लग्न, मुंज, पितृपक्षातला पितरांचा म्हाळ, देवळातली समाराधना, कुठेही शंभर-दोनशे पानं उठवायची असली की सगुणमामांना बोलावणं जाई. बायको वारलेली. मुलगी नूतन कॉलेज करून त्यांच्याबरोबर हाताखाली राबायची आणि स्कूटरवरून त्यांना आणायची-न्यायची.

"बाय, माका कप कसले दाखवतंस?" ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "घाण्याचा तेल की पिशवीतला, ता मी फोडणीच्या वासार सांगतंय. ह्या नाकान माका पोसल्यान."

त्या दिवशी तांबडा दिवा उडालेला होता. मी साध्या उजेडातच कप मांडले. मामांनी प्रत्येक कप जरासा तिरका केला, चव घेतली, थुंकले, आणि दोन्ही फेऱ्यांत एकही चूक केली नाही. मी मनात म्हटलं, माणूस खरंच नाकाचा धनी.

आता माझी चूक सांगते. फॉर्मवर रक्तदाबाचे दोन रकाने असत, उजवा हात आणि डावा हात. दोन्ही हात मोजायचे असा नियम. पण सकाळी दहा माणसं उपाशीपोटी बाकावर बसून माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत असत. धमनी आम्ही उजव्याच हाताची मोजत होतो. तेव्हा डावीकडचा आकडा हळूहळू अंदाजाने पडू लागला. उजवीकडचा लिहायचा आणि दोन कमी करून डावीकडे टाकायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, मीच मला शिकवलं. सगुणमामांच्या डाव्या हाताचा रकाना मी तसाच भरला, त्यांच्या डाव्या हाताला बोटही न लावता.

दुसऱ्या भेटीत तांबडा दिवा सुरू होता आणि मामांची उत्तरं कोलमडली. नाकाला चिमटा असताना चुकली, याचं नवल नाही, पुष्कळांची चुकतात. पण नाक उघडं केल्यावर सुधारायला हवीत, ती तितकीच चुकली. कप मात्र ते दर वेळी तिरका करत होते. तेल असलेलं दूध कपाच्या कडेला जरा जास्त चिकटून राहतं. साध्या उजेडात ते दिसतं, तांबड्या उजेडात दिसत नाही. मी बघत होते आणि चेहरा दगडासारखा ठेवला होता.

"बरोबर इला मां?" त्यांनी विचारलं.

"मामा, तुमका ठावक आसा, माका सांगूक येणा नाय," मी म्हटलं. ते घाम पुसत बाहेर गेले.

ज्येष्ठाच्या शेवटी माझ्या चुलतभावाकडे मुंज होती. जेवण सगुणमामांचं. नूतन त्या दिवशी कसल्याशा परीक्षेला गेलेली. खतखतं, आमची सणासुदीची मिसळ भाजी, वाढलं, दोन घास घेतले आणि माझी जीभ बधिर झाली. ओठ थरथरायला लागले. पंगतीत लोक एकमेकांकडे बघत होते. आमच्याकडच्या खतखत्यात तिरफळ हवंच, पण बेताचं, त्याचा वास भाज्यांत मुरेल एवढंच. इथे मूठभर पडलं होतं. कुणीतरी चेष्टेने म्हणालं, मामांच्या घरात तिरफळाचं झाड लागलंय वाटतं. मला मात्र हात धुताना तांबड्या दिव्यातले ते कप आठवले. तिरफळाचा सुगंध नाकाला कळतो, पण त्याची ती झिणझिण नाकाला लागत नाही, ती थेट जिभेच्या शिरांना लागते. ज्याला वासच येत नाही तो माणूस तिरफळ घालत राहील, जिभेला काहीतरी जाणवेपर्यंत.

गणपतीची चवथ झाली. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी मामांची तिसरी भेट होती. पितृपक्ष सुरू झालेला. नूतन बाहेर बाकावर बसली, मामा खाटेवर आडवे झाले आणि मी शर्टाची उजवी बाही वर सारली. दंडावर अनंताचा दोरा. चौदा गाठींचा, ताजा तांबडा.

"मामा, हो काढूक होयो. हय जेल लावतंय मी."

"त्येका हात लावूचा नाय, बाय. चौदा दिवस पुरे होवंक होये. जेल-बिल लागला तर इटाळ."

मी वाद घातला, त्यांनी डोळे मिटून घेतले. नियमाप्रमाणे त्यांना परत पाठवायचं आणि चौदा दिवसांनी बोलवायचं. पण ते उपाशी आले होते, आणि मला भेटींचा हिशेब पुरा करायचा होता. मी म्हटलं, चला, आज डावा हात. शेरा मारू.

डाव्या हाताला पट्टा बांधायला गेले आणि मनगटावर नाडी सापडेना. सापडली ती कशीबशी, पाण्याखालून आल्यासारखी. यंत्राला दोष देऊन मी दुसरं यंत्र घेतलं. दाब मोजला, मग दोऱ्याच्या वरून पट्टा बांधून उजवीकडचा मोजला. उजवीकडे वरचा आकडा दीडशेच्या पुढे. डावीकडे शंभरसुद्धा नाही. तीनदा मोजलं. तीनदा तेच. डाव्या हाताला रक्त नेणारी वाट वर कुठेतरी बुजत आली होती, आणि एक वाट बुजते तेव्हा काळजाकडच्या वाटांचीही शंका घ्यावी लागते.

"मामा, डावो हात दमता काय?"

"ढवळताना दमता. कढई मोठी गो. वय झाला."

"आणि छातीत?"

"देवळाची पायरी चढताना भरान येता. गॅस."

"कवा धरून?"

"चवथीआधी एकदा. हल्ली रोज येता."

मी फॉर्म उघडला. वैशाखातला डाव्या हाताचा रकाना समोर होता, माझ्याच सुवाच्य अक्षरात. उजव्यापेक्षा दोन कमी. चार महिने ही गोष्ट मामांच्या डाव्या हातात बसून होती आणि मी तिला अंदाजाने झाकलं होतं.

मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "रोज होतंय ना? मग आजच. चिठ्ठी लिहून मोठ्या हॉस्पिटलात पाठवा. गाडी मी बघते. त्यांना पायी चालू देऊ नका."

मामा उठून बसले होते, बटणं लावत होते. मी सांगितलं तसं त्यांनी हसून मान हलवली.

"परवा देसायांचो म्हाळ आसा. आख्ख्या कुळाचो, दीडशे पानां. ता झाला की जातलंय."

"मामा, परवापर्यंत थांबूचा नाय, असा मॅडम सांगतत."

"म्हाळाची तिथ काय फुडे सारतत, बाय? मेलल्या माणसांका सांगतलंस, सगुणाची शीर मोजतत, जरा थांबा म्हणून?"

मी कप धुवायच्या मोरीकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हटलं, "मामा, तुमका वास येणा नाय. माका कळलां."

बटणावरची बोटं तिथेच राहिली. बोलले ते इतकं हळू की मला वाकावं लागलं. "त्या करोनाच्या तापात गेलो तो परत इलोच नाय. मी हय इलंय ता तेच्याचसाठी. म्हटलां, कोणाक न विचारता कळात, परत येता की नाय. पण तू कधी सांगलंसच नाय." मग माझा हात धरून म्हणाले, "नूतनाक खबर नाय. कोणाकच नाय. रांदप्याक वास येणा नाय असा झाला तर माका कोण बोलवतलो? तू हा कोणाक सांगूचा नाय. कागदार लिवलंस तरी तोंडातसून काढूचा नाय."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते उठले आणि दार उघडून बाहेर पडले.

मी मागोमाग गेले आणि नूतनला हाताचं, छातीचं सगळं सांगितलं. ती घाबरली, पण मामा स्कूटरला टेकून म्हणाले, "गॅस आसा गो. ही लोकां कागदाक घाबरतत." नूतनने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाय, परवा रातीच मी तेंका घेवन जातंय. देसायांका आता दुसरो कोण गावतलो? बाबा गेले नाय तर तेंचा नावच जाता."

ती किल्ली फिरवणार होती. गाडी यायला अर्धा तास होता. मला कळत होतं की हा माणूस एकाच गोष्टीसाठी निघालाय, परवाच्या कढईसाठी, आणि ती कढई त्याच्यापुढून ओढून घेतल्याशिवाय तो थांबणार नाही. नियम, संस्थेला लिहून दिलेली गुप्ततेची हमी, मामांनी धरलेला हात, सगळं आठवत असतानाच मी बोलले.

"नूतन, तुझ्या बाबांक वास येणा नाय. दोन-तीन वर्सां झाली. म्हाळाचा जेवण तेंका जमूचा नाय."

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी नूतनकडे बघितलं. नूतनने स्कूटर बंद केली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "माका ठावक आसा, बाय."

मग बापाला म्हणाली, "बाबा, तू पाठ फिरवलंस की मी तिरफळां काढतंय. मीठ मी बघतंय. फोडणी जळूच्या आधी चूल मी बारीक करतंय. मुंजीक मी नव्हतंय, म्हणान तसा झाला."

मामा बाकावर बसले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि रस्त्याकडे बघत राहिले. तेव्हा मला समजलं मी काय केलं ते. मी त्यांचं गुपित मुलीला सांगितलं, असं मला वाटलं होतं. खरं तर मी मुलीचं गुपित बापाला ऐकवलं होतं. इतकी वर्षं वास नसतानाही आपण पंगती उठवतो, आपला हात अजून चालतो, या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता. ते जेवण आपलं नव्हतंच, हे त्यांना माझ्या दारात कळलं.

ते त्यानंतर कशालाच नाही म्हणाले नाहीत. गाडी आली, बसले. वाटेत त्यांच्या छातीत पुन्हा भरून आलं, घामाने शर्ट भिजला, आणि नूतन मला फोनवर नुसती "बाय, बाय" करत होती. मी इकडे खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होते, माझ्या खाटेवरच्या बायका बघतात तशी. हॉस्पिटलात पोचल्यावर त्यांना थेट आत घेतलं. काळजाच्या दोन वाटा जवळजवळ बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, चुलीपुढे उभे राहिले असते तर सांगता येत नव्हतं.

देसायांचा म्हाळ नूतनने एकटीने केला. खतखतं चांगलं झालं होतं म्हणतात. मी गेले नव्हते.

मी हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा मामांनी भिंतीकडे तोंड केलं. मी दहा मिनिटं उभी राहिले आणि परत आले. संस्थेकडून मला पत्र आलं, माहिती बाहेर सांगितल्याबद्दल. मी सही केली. मग मॅडमच्या समोर बसून डाव्या हाताच्या रकान्यांचंही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. "सगळे परत बोलवा," म्हणाल्या. केरीपासून साखळीपर्यंत एकेकाला परत बोलावून मी त्यांचे डावे हात मोजले. दुसरं कुणी तसं निघालं नाही. हे माझं नशीब, यात माझी हुशारी काही नाही.

लोक अजून वाटेत अडवून विचारतात, बाय, शेवटी खोबरेल बरं की वाईट? मी सांगते, ते मॅडमना विचारा, मला तुमचे हात दाखवा. दोन्ही.

यंदा मी निवृत्त झाले. पितृपक्षात एका दुपारी नूतनची स्कूटर आमच्या पेडण्याच्या अंगणात येऊन थांबली. हातात स्टीलचा डबा. पंगतींचं काम आता तीच बघते. मामा घरी असतात, सकाळी चालतात, गोळ्या घेतात. त्यांनी माझं नाव इतक्या दिवसांत काढलं नव्हतं, हे मला तिच्याकडूनच कळत होतं.

डब्यात खतखतं होतं, अजून ऊन.

"बाबांनी केल्यानी. मी हात लावूक नाय," ती म्हणाली. "तेणी विचारूक सांगितल्यानी, तिरफळां किती जास्त झाली?"

मी उभ्या उभ्याच चमच्याने घास घेतला. भोपळा, कणगी, मक्याचे तुकडे, खोबऱ्याचं वाटण. मग झिणझिण. जिभेवरून ओठांवर, ओठांवरून हनुवटीपर्यंत. नूतन माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांची सवय, चेहरा आपोआप दगड झाला.

तिने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"मामा," मी म्हटलं, "चार जास्त."

मग म्हणाले, "नूतन सांगता, बरोबर आसा. सगळीच माका बरोबर आसा म्हणून सांगतत. तू सांगतलंस म्हणान तुका धाडलंय." आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी डबा पुन्हा आला. या खेपेला दोन जास्त होती. मी तसं कळवलं.